अंगणातला नळ आणि सातवा महिना

नाशिक, ८ जानेवारी

बाबा,

जय भीम. परवा फोनवर मी घसा फाडून सांगून राहिली होती आणि तुम्ही तिकडून म्हणाले, "हो हो, जेवलो." म्हणून हे पत्र. यापुढं तुमच्याशी लिहूनच बोलायचं असं ठरवलं. शाळेत मी मराठी शिकली नाही, घरीच शिकली, तेव्हा हिंदी शब्द येतील. लाल पेन घेऊन बसू नका.

तर सांगत होती ते असं. बाळंतपणाची तारीख वीस मेची निघाली. सगळं ठीक आहे, पण डॉक्टरबाई म्हणते, पंचवीस मार्चनंतर लंबा प्रवास बिलकुल नाही. तसं मले जायचं तरी कुठं आहे? आई असती तर गोष्ट वेगळी होती. सातवा लागला की तुम्ही दोघं डबे-पिशव्या घेऊन मले न्यायले आले असते. आता तुम्ही एकटे. आईशिवाय माहेरपण म्हणजे तुम्हाले नुसता ताप. इकडे सासूबाईचे, अमरदीपच्या आईचे, गुडघे असे, की त्यांनाच दोघांनी धरून उठवा लागते. म्हणून तुम्हीच इकडे या. एप्रिल लागला की या आणि जूनपर्यंत राहा.

आता तुम्ही म्हणसाल, बगीच्याले पाणी कोण देईन? भिलाईचा उन्हाळा, आईचा मोगरा चार दिवसात वाळून जाईन. त्याचा इलाज पार्सलनं पाठवला आहे. ठिबकचा सेट आहे, अंगणातल्या नळाले लावायचा. एक काळी मोठी नळी, तिच्यातून निघणाऱ्या बारीक नळ्या, आणि प्रत्येक झाडापाशी एक थेंब थेंब सोडणारी तोटी. घड्याळ पण आहे, टाइम झाला की पाणी आपोआप सुरू आणि आपोआप बंद. नळाले लावायचा जोड प्लास्टिकचा आहे, आत रबरी वायसर बसवलेला आहे. पाणी वायसरच अडवते. त्याले हातानं कसायचं, बस. हातानं, बाबा! तुमची औजाराची पेटी उघडू नका.

अमरदीपनं आमच्या बाल्कनीत पंधरा मिनिटात लावला. पल्याडच्या हिराकाकूले नमस्कार सांगा.

तुमची,
प्रेरणा


कोहका, भिलाई
१८ जानेवारी

प्रिय प्रेरणा,

तुले जय भीम, आणि पोटातल्याले पण जय भीम.

पार्सल पोचलं. खोक्यावर एक बाई पांढरेशुभ्र कपडे घालून हसत हसत नळी जोडून राहिली. मी बत्तीस वर्षं प्लांटच्या पंपहाउसमधी पाइप जोडले, हसत हसत एकही जोडला नाही.

पहिले तर आपल्या नळाच्या तोंडाले चुडीच, म्हणजे आटेच, नव्हते, जोड बसावा कशावर? पावर हाउसच्या बाजारात गेलो, चुडीवाला पितळी नळ आणला. दुकानातला पोट्टा म्हणते, "अंकल, प्लंबर भेजूं क्या?" मी त्याले म्हटलं, बाबू, तुह्या दुकानात पाणी येते ना, ते ज्या लाइनीतून येते तसल्या लाइनी मी टाकल्या. तो काही बोलला असन, मले ऐकू आलं नाही.

मग जोड. तू लिहिलं, हातानं कसा. आता तूच सांग, ज्या माणसानं बारा इंची लाइन कसली त्यानं अंगणातला नळ हातानं कसावा? पोरगी म्हणून ऐकून घेतलं, पण हाताले पटलं नाही. गळू नये म्हणून चुडीवर सुतळी गुंडाळली, वरून सफेदा चोपडला, अठरा इंची पाना लावला आणि आमच्या रिवाजानं वर अर्धा फेरा दिला. पल्याड हिरा कपडे वाळू घालून राहिली होती. ती भिंतीवरून हात हालवून, ओरडून म्हणे, "भाऊजी, काहीतरी टक् वाजलं!" मले तर काही वाजलं नाही. मी आणखी पाव फेरा दिला. नळ खोलला, तर पाणी चारी बाजूनं! माह्या तोंडावर, लुंगीवर आणि हिराच्या वाळत्या कपड्यावर. जोड उभाच्या उभा चिरला होता. हिरा तिथंच बसली आणि पोट धरून हसली. अशा वेळी बायांचं हसणं मले बरोबर दिसते.

तर काम सध्या बंद. वस्तूत दम नाही. माहेरपणाचं लिहिलं ते वाचलं. बरोबर आहे तुझं.

तुले खावंसं काय वाटते आजकाल? सविस्तर लिहिजो.

तुझा बाप,
जानराव


नाशिक, २९ जानेवारी

बाबा,

तुमचं पत्र स्टाफरूममधी उघडलं ही माझी चूक. तीन मॅडमनी विचारलं, कावून एकटीच हसून राहिली. मग वाचून दाखवलं. आता सगळ्या शाळेले तुमची लुंगी माहीत आहे.

प्लास्टिक म्हणजे लोखंड नाही हो. दोन नवे जोड पाठवते. पाना हिराकाकूच्या घरी जमा करा, आणि काम झाल्याशिवाय परत मागू नका.

खायचं विचारलं तर सांगते. आंबट. चिंच, बोरं, कैरी, जे दिसन ते. आणि लाल भाजी. इथंही मिळते, लाल माठ म्हणतात, पण तिची आपल्यासारखी भाताले लाली चढत नाही. परवा वर्गात पोरांना झाडाचं मूळ शिकवता शिकवता मले एकदम अंगणातल्या लाल भाजीचा वास आला. वेडीच झाली मी.

दोन एप्रिलचं तुमचं तिकीट काढून राहिली, दुर्गहून. नाही म्हणायचं नाही.

प्रेरणा


कोहका, ९ फेब्रुवारी

प्रेरणा,

हातानं कसलं. एक थेंब गळत नाही. लिहायचीही लाज वाटून राहिली, पण खरं ते खरं.

आता माझं ऐक. सेटसंगं आलेल्या पुस्तकात लिहिलं आहे, की दबाव कमी करायचा काळा तुकडा नळाच्या पुढं लावलाच पाहिजे. लावला. मोगऱ्यापाशी टपटप, आणि शेवटी मुनग्यापाशी, तुमच्याकडच्या शेवग्यापाशी, ठणठणीत कोरडं. का कोरडं? आपली टंकी छतावर, नळापासून दहा फूट वर. दहा फुटात दबाव येते किती? तो आधीच गरीब, त्यात तुमचं पुस्तक म्हणते आणखी कमी करा! तुकडा काढून ठेवला. गाळणी ठेवली, कारण आपल्या टंकीत लाल गाळ उतरते. लांबच्या झाडाच्या तोट्या पूर्ण खोलल्या, जवळच्या थोड्या आवळल्या. आता शेवटच्या मुनग्यालेही बरोबर पाणी. हे पुस्तकात कुठंच नाही. छापणाऱ्याले सांगजो, जानराव मेश्रामले विचारून छापत जा.

पण नवी लाइन टाकली की महिनाभर नजर ठेवा लागते, असा आमचा नियम. म्हणून तिकिटाची घाई नको.

लाल भाजीचे दोन वाफे वाढवून टाकले आहेत. सहज. बियाणं पडून होतं.

आणखी एक, सातवा तुले नेमका केव्हा लागते? हेही सहजच विचारलं.

बाबा


नाशिक, १९ फेब्रुवारी

बाबा,

तुकड्याचं तुमचंच खरं. अमरदीप म्हणते, आमची टंकी सातव्या मजल्यावर, म्हणून आम्हाले तो लागते. पाच मार्क तुम्हाले. आता मात्र बहाणा नाही, तिकीट पक्कं झालं.

सातवा लागला. शुक्रवारी शाळेतल्या मॅडमनी डोहाळजेवण केलं. हिरवी साडी, फुलांच्या बांगड्या, सगळं. एकीनं विचारलं, "माहेरी केव्हा जाणार?" मी म्हटलं, यंदा माहेरच इकडे येऊन राहिलं, दोन एप्रिलच्या गाडीनं. सगळ्या हसल्या. मी पण हसली. मग बाथरूममधी जाऊन थोडं रडून घेतलं. तुम्ही मनावर घेऊ नका, अशा दिवसात होते म्हणतात असं.

येताना दोन लुंग्या जास्त आणा.

प्रेरणा


कोहका, २७ फेब्रुवारी

प्रेरणा,

कार्ड लिहून राहिलो, थोडक्यात समजून घेजो. दोन तारखेचं तिकीट रद्द कर. खारीनं नळी तीन जागी कुरतडली. घड्याळही बिघडलं, नळ भलत्याच वेळेले उघडते. असं घर टाकून निघणं मले जमत नाही. तिकडे कामाले एखादी चांगली बाई पाहा. तब्येत सांभाळ.

बाबा


नाशिक, ५ मार्च

बाबा,

कार्ड मिळालं. पोस्टमन, वॉचमन, खालच्या मजल्यावरच्या आजी, सगळ्यांनी माह्या आधी वाचलं असन.

खारीनं कुरतडलेली नळी चार इंच कापून टाकायची आणि मधात जोड घालायचा, पाच मिनिटाचं काम. हे मले माहीत, तर तुम्हाले माहीत नाही? घड्याळ बिघडलं तर हिराकाकू सकाळी नळ खोलून देईन. तिनं कधी तुमच्या कामाले नाही म्हटलं?

सरळ सांगा ना, यायचं नाही म्हणून. आई गेल्यावर मी चार वेळा बोलावलं. चारही वेळा मोगरा, वांगे, मुनगा. मी काही मागून नाही राहिली बाबा. फक्त त्या दिवशी दवाखान्याच्या बाहेर माह्या बाजूचं कोणीतरी बसलेलं असावं, एवढंच वाटत होतं. बसा तुमच्या मोगऱ्यापाशी.

तिकीट रद्द केलं.

प्रेरणा


कोहका, १० मार्च

प्रेरणा बेटा,

मी तुझी हिराकाकू. सांगून मी राहिली, लिहून आमची पोरगी चंदा राहिली. तिले म्हटलं, जसं बोलते तसंच लिही, सुधरवू नको.

तुझं पत्र आल्यापासून भाऊजी दोन दिवस जेवले नाहीत. मी विचारलं तर पत्रच माह्या हातात दिलं, चंदानं वाचून दाखवलं. म्हणून आज मी त्यांना न सांगता तुले लिहून राहिली.

बेटा, कोणतीच खार नाही अन् कुरतडलं काहीच नाही. तुझी ती नळी महिना झाला मस्त चालू आहे. सकाळी सहाले घड्याळ नळ खोलते, अर्ध्या तासानं बंद करते. आमच्या घरांच्या लाइनीतले सगळे पाहून गेले. गल्लीतल्या दोघांच्या घरी भाऊजीनं तसंच लावून दिलं, अन् बजावून सांगतात, हातानं कसा!

मग ते झूठ कावून बोलले, ते ऐक. मागची खोली त्यांनी स्वतः चुन्यानं पोतली. खाटेची दोरी नवी ताणली. तुह्या आईच्या, गिरजाच्या, मऊ लुगड्याचं गाठोडं काढलं, धुतलं, अन् माह्याकडून अकरा दुपटे शिवून घेतले. बाळंतिणीले काय देतात, काय देत नाहीत, सगळं विचारून वहीत लिहिलं. मेथीचे लाडू तीनदा केले. पहिले तर असे झाले, की आमच्या कुत्र्यानं सुंघून सोडून दिले. आता बरे जमतात.

रोज कॅलेंडरपाशी उभे राहून पंचवीस तारखेकडे पाहतात. मी म्हटलं, पोरीले लिहा, ये म्हणून. तर म्हणाले, "ती म्हणते आई नाही तर माहेर नाही. अन् बाप्या माणूस बाळंतपण करतो म्हटलं तर हसतील लोक." तिकडे गेले तर बाळंतपण तिकडेच होईन, म्हणून जाववत नाही. इकडे ये म्हणायची जीभ उचलत नाही. असा अडकला तो माणूस.

मी सांगतलं म्हणून सांगू नको. नाहीतर सांग, मी काय कोणाले भेते?

तुझी,
हिराकाकू

(मी चंदा. दीदी, प्लीज आ जाओ. लाडू अब हमको खाने पड़ रहे हैं.)


नाशिक, १३ मार्च

बाबा,

खार भेटली का?

मले सगळं समजलं. कोणाकडून ते विचारू नका, पल्याडच्या भिंतीले तोंड आहे.

मी जानेवारीत जे लिहिलं, आईशिवाय माहेरपण कसलं, ते तुम्हाले त्रास नको म्हणून लिहिलं होतं. तुम्हाले असं लागन हे माह्या डोक्यातच आलं नाही. माफ करा मले. आणि मागच्या पत्रातलं मोगऱ्याचं फाडून टाका.

आता एकच सांगते. मले यायचं आहे. पहिल्या दिवसापासून यायचं होतं. पण तुम्ही बोलावल्याशिवाय कशी येऊ? प्रत्येक पोरीले माहेराहून बोलावणं येते. मले कोणी "ये" म्हटलं नाही. एकदा म्हणा ना, बाबा. हसले लोक तर हसू द्या, तुम्हाले थोडंच ऐकू येणार आहे!

लवकर लिहा. पंचवीस तारीख माह्याही भिंतीवर आहे.

प्रेरणा


कोहका, १७ मार्च

माय माझी प्रेरणा,

तू ऐकू येण्याचं गंमतीत लिहिलं. तेच खरं कारण आहे. हिरालेही मी अर्धंच सांगतलं होतं. लोकाच्या हसण्याचं काय एवढं, प्लांटमधी बत्तीस वर्षं हसलेच की.

तुझी आई न्हाणीत पडली त्या दिवशी मी अंगणात होतो. पंधरा पावलं दूर. वांग्याले पाणी देऊन राहिलो होतो. तिनं हाका मारल्या. किती मारल्या मले माहीत नाही. हिरानं भिंतीपल्याड ऐकल्या अन् ती धावत आली, तिच्या मागं मी गेलो. माह्याच घरात, माह्याच बायकोची हाक शेजारणीनं ऐकली. तुले हे कोणी सांगतलं नाही, कारण मी सांगू दिलं नाही. दोन वर्षं झाली. अजून नळ खोलला की मी आधी न्हाणीच्या दाराकडे पाहतो.

खोली केली, दुपटे केले, लाडू केले, सगळं केलं. पण रोज कागद घेऊन बसलो की हेच वाटे, तुले कळ येईन, तू "बाबा" म्हणशील, अन् मी पाठ करून उभा राहीन. गिरजाले तर मी असा हरलोच. तुले कसं बोलावू? म्हणून खार आणली, घड्याळ बिघडवलं. पत्रात झूठ लिहायची सवय नाही, तू लगेच पकडलं.

तुले इथं यावंसं वाटते हे वाचलं अन् मी बसून राहिलो. चहा निवून गेला.

तर म्हणतो. प्रेरणा, ये. बापाच्या घरी ये, बाई. जे सांगायचं ते सगळं वर सांगतलं, आता पाहून ठरव. नाही आली तरी माझा राग नाही. मी तिकडे येईन. नळी चालू आहे.

तुझा बाप,
जानराव


नाशिक, २० मार्च

बाबा,

पत्र आत्ता मिळालं. डोळे पुसून लिहून राहिली, अक्षर समजून घ्या.

आईच्या डोक्यातली नस फुटली होती. डॉक्टरनं मले वेगळं बोलावून सांगतलं होतं, त्याच क्षणी दवाखान्यात असती तरी हाती लागली नसती. मले वाटलं तुम्हालेही सांगतलं असन. सांगतलंच असन, तुम्हाले ऐकू आलं नसन. दोन वर्षं तुम्ही हे एकटेच घेऊन बसले, बाबा! आणि मी तुम्हाले मोगऱ्यावरून बोलली.

बावीसच्या गाडीनं येऊन राहिली. अमरदीप पोचवून परत येईन. डॉक्टरबाईनं कागद लिहून दिला, दुर्गच्या डॉक्टरचं नाव पण दिलं. तेवीसले दुर्ग स्टेशनवर या. हाकेचं तिथं आल्यावर पाहू. दोघं मिळून काढू काहीतरी.

तुमची,
प्रेरणा


कोहका, ३१ मार्च

चि. अमरदीप यास,

जय भीम. तुम्ही सुखरूप पोचले हे प्रेरणानं सांगतलं, म्हणजे पाटीवर लिहून दाखवलं. तिचं वीस तारखेचं पत्र आम्हाले पंचवीसले मिळालं, ती येऊन दोन दिवस झाल्यावर, म्हणून तर तेवीसले मी स्टेशनवर नव्हतो. तिनंच पोस्टमनच्या हातातून घेतलं अन् माह्या हातात दिलं. गिरजाबद्दलचं त्यात लिहिलं होतं. ते मी तिच्यासमोर बसून वाचलं. दोनदा वाचलं.

पोरीची तब्येत चांगली आहे. दुर्गच्या डॉक्टरीणबाईनं तपासलं, बाळाचं वजन बरोबर आहे म्हणते. दोन वेळा लाल भाजी-भात खाते अन् भात लाल झाला की लहान पोरीसारखी ताट मले दाखवते. लाडू खाते, पण तोंड वाकडं करून. गल्लीतल्या बाया पाहायले येऊन गेल्या. कोणी हसलं असन तर मले माहीत नाही.

तुमची मुख्य काळजी हाकेची. त्याची व्यवस्था केली ती लिहितो. पंपहाउसमधी मोटारीच्या आवाजात कोणालेच काही ऐकू येत नसे. तिथं हाक नव्हती, लाल दिवा होता. दिवा लागला की हातातलं टाकून जायचं. बत्तीस वर्षं मी त्या दिव्यावर धावलो, अन् घरी कधी लावला नाही. तो आता लावला. प्रेरणाच्या खाटेपाशी एक बटन. दिवे पाच. एक माह्या उशाशी, एक रसोईत, एक न्हाणीच्या दाराशी, एक वरांड्यात अन् एक अंगणात बरोबर नळाच्या वर, कारण माझी पाठ जास्त करून तिथंच असते. बटन दाबलं की पाचही लागतात. तारेचे सगळे जोड दोनदा तपासले.

पहिल्याच दिवशी तुमच्या बायकोनं अकरा वेळा बटन दाबलं. पहिल्या वेळी मी हातातली गाळणी फेकून पळत गेलो, एक चप्पल बाहेरच राहिली. विचारलं, काय झालं, कळ आली का? तर पाटीवर लिहिते, "काही नाही. पाहून राहिली, तुम्ही येता का." मी रागावलो. परत अंगणात गेलो, पुन्हा दिवा. मग पुन्हा. अकरा वेळा दाबलं, कामाचं एकही नव्हतं. मी अकराही वेळा गेलो. शेवटी शेवटी तर मीच दिव्याकडे पाहत उभा होतो, की आता कावून दाबत नाही.

तुम्ही मेमधी या. सुट्टीचा अर्ज आताच टाका. बाकी इथली काहीच फिकर करू नका, मी आता

दिवा लागला. जातो.

जानराव